गार इंजिन

"तापलीय," सिस्टर म्हणाल्या आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवलेला हात त्यांनी काढलाच नाही.

"आत्ताच धुऊन इथे लावली ना, मॅडम," गाड्या विकणारा हसला.

"धुतलेलं अंग गार लागतं हो. तुम्ही आम्ही यायच्या आधी ही चालू करून ठेवली होतीत."

विकणाऱ्याचं हसू तिथल्या तिथे विरलं. जन्मभर बाळंतपणाच्या वॉर्डात काढलेला हात तो, त्याला काय फसवणार! सिस्टर निवृत्त झाल्या तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. सगळे म्हणजे मुलगा सोडून.

"आई, चल. सुरुवातीलाच खोटं," मुलगा म्हणाला. त्याला बरंच वाटलं होतं. याआधीच्या एका सेडानला त्याने दार रंगवलंय म्हणून नाक मुरडलं, दुसरीच्या सीटला वास येतो म्हणून. पुढच्या एकीचा तर म्हणे रंगच त्याला पटला नाही. गाडी कुठलीही असो, नापास व्हायची ती आई.

नदीपलीकडच्या गावात सिस्टरांची धाकटी बहीण अंथरुणाला खिळली होती. "ताई, मला बोलता येतंय तोवर ये गं," असं ती फोनवर म्हणाली होती. बसचे धक्के सिस्टरांच्या कंबरेला सोसत नव्हते. मुलगा म्हणे, रविवारी बघू. रविवार यायचा, हा दुपारपर्यंत लोळायचा, की झाला सोमवार. शेवटी सिस्टरांनी गुपचूप क्लास लावला, लायसन्स काढलं आणि मगच घरात सांगितलं. मोठा गहजब झाला!

"आजची शेवटची," येताना गाडी चालवता चालवता मुलाने बजावलं होतं. "मेकॅनिक नको म्हणाला की विषय बंद." हे त्याने पुढून सांगितलं आणि सिस्टरांनी मागून ऐकलं. पुढच्या सीटवर नेहमीप्रमाणे त्याची लॅपटॉपची बॅग होती. मेकॅनिकही त्याच्याच ओळखीचा, स्कूटरवरून परस्पर आलेला.

"एक खुर्ची द्या," सिस्टर विकणाऱ्याला म्हणाल्या. "तापलेली काय, कुठलीही चालू होते. गार झाल्यावर चालू करून बघू."

"वेळ लागेल, मॅडम."

"लागू दे. बाळंतिणीला लवकर आटप म्हणता येत नाही."

आणि बसल्या की त्या छपराखाली, मांडीवर पर्स ठेवून, ढिम्म. मुलगा फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत राहिला. मेकॅनिक नुसता कसा बसणार? गाडीखाली शिरला. तेल बघितलं, चाकं हलवून बघितली, एक चक्करही मारून आला असता, पण सिस्टरांनी चावी हातात घेऊन ठेवली होती. बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर ग्रीस होतं आणि चेहरा खुशीत होता.

ऊन कललं. सिस्टरांनी उठून बॉनेटला हात लावला, मान डोलावली, आत बसून चावी फिरवली.

घर्र, घर्र, घर्र. गप्प.

"संपलं!" मुलगा जवळजवळ ओरडलाच.

सिस्टरांनी पुन्हा चावी फिरवली. गाडी थोडी कुरकुरली आणि चालू झाली. मग मात्र एका सुरात चालू राहिली.

"बघितलंस ना? अशी गाडी रस्त्यात दगा देते. नापास."

"पहिल्या झटक्यात रडली नाहीत अशी किती बाळं माझ्या हातावर आली," सिस्टर म्हणाल्या. "तळपाय चोळायचे, पाठीवर थोपटायचं. एकही टाकून दिलं नाही आम्ही. तू तरी कुठे रडला होतास?"

मेकॅनिक फस्सकन हसला. मुलाने डोळे वटारले तसा सावरला. "पण जुनी गाडी ती जुनीच, सिस्टर. भरवसा काय द्यायचा..."

"हे तुझं बोलणं, की याने पढवलेलं?"

मेकॅनिक फडक्याने हात पुसत राहिला.

"खाली शिरून आलास ना? तुझ्या आईला घेऊन दिली असतीस ही?"

त्याने मुलाकडे बघितलं, मग सिस्टरांकडे. "बॅटरी मरायला टेकलीय. ती नवीन टाका," तो म्हणाला. "बाकी गाडी ठणठणीत आहे."

"ऐकलंत?" सिस्टर विकणाऱ्याला म्हणाल्या. "बॅटरी तुम्ही घालून द्यायची. फसवल्याबद्दल."

विकणारा निमूटपणे हो म्हणाला. मुलगा खिडकीशी वाकला. आवाज उतरला होता त्याचा. "आई, मला काळजी वाटते गं. एकटी कशी जाशील? काही झालं म्हणजे?"

खरंच वाटत होती त्याला काळजी. सिस्टरांनाही ते कळत होतं, आणि म्हणूनच त्यांना जास्त राग आला.

"मग मावशीकडे कधी नेणार होतास?"

"अगं, या रवि..." तो म्हणाला आणि थांबला.

मेकॅनिकने दुसरीकडे बघितलं. सिस्टरांनी सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला लावला, पर्स शेजारच्या सीटवर ठेवली.

"चल, एक चक्कर मारून येऊ."

मुलगा वळसा घालून आला आणि त्याने पुढचं दार उघडलं.

"तिथे माझी पर्स आहे," सिस्टर म्हणाल्या. "तू मागे बस. पुढे बसायचं रविवारी बघू."