सत्ताविसावा माणूस

तुकडे तीन. नाकाडाचा स्टिकलींच्या सफरचंदाच्या बागेत, मधला त्यांच्याच मक्यात, शेपटीचा ओढ्यापलीकडे. भटारखान्यातली अंडी अठ्ठेचाळीस, फुटलेली तीन. माणसे सव्वीस, सगळी जिवंत. यादीत सत्तावीस.

वेंडेलने चौथ्यांदा मोजले.

पहाटे अंधारात तळावरून निघून दोन तास होतात तोच, ओहायोवर वादळाने नौदलाची वायुनौका मोडली होती. वेंडेल नाकाडात होता. तो तुकडा फुग्यासारखा तरंगत राहिला आणि आतल्या सात जणांना झाडांवर अलगद ठेवून गेला. खाली उतरल्यापासून ते हसत होते. आता सगळेच हसत होते. गावातल्या बायका रेनकोटासाठी नौकेचे चंदेरी कापड कापून नेत होत्या, आणि पहाऱ्यावरचे खलाशी कात्री सरळ चालावी म्हणून दुसरे टोक धरून उभे होते.

वेंडेलला मात्र हसू येत नव्हते. सत्ताविसावा एमेट होता. त्याच्या बहिणीचा, कोराचा नवरा. शेपटीच्या टोकाला एकट्याचा पहारा असे, तो एमेटचा. तो तुकडा जवळजवळ धड होता. खुंटीला एमेटचा नेहमीचा कोट होता. एमेट नव्हता.

कोराचे दिवस भरले होते. त्यासाठी एमेटने चारदा रजा मागितली, चारदा नाही मिळाली. काल जेवताना तो कधी नव्हे इतका गप्प होता.

"बारा वाजता घरी तार करावी लागेल," लेफ्टनंट केसलर हळूच म्हणाले. "तू लिहितोस की मी लिहू?"

"मीच लिहितो, साहेब. पण बारापर्यंत थांबू या."

ओढा झाला, मका झाला, बाग झाली. बाराला दहा कमी असताना वेंडेल तारेसाठी कागद घेऊन उलट्या बादलीवर बसला. त्याला शनिवारचा वजनकाटा आठवला. उड्डाणाआधी यादीतल्या सगळ्यांची वजने मांडून नौका तोलावी लागे. जड भरली तर टाक्यांतले पाणी सोडायचे, हलकी भरली तर आणखी ओतायचे. एमेटचा काटा एकशे त्र्याऐंशी पौंडांवर थांबला, तसा स्वयंपाकी म्हणाला होता, "दोन बादल्या सोडा रे, हा पुन्हा जेवून आलाय."

"दोघांचं खातोय," एमेट म्हणाला होता. "कोराला सध्या काही जात नाही."

"पोरा." समोर स्टिकलीबाई होत्या. एका हातात गरम पाव आणि सफरचंदाचा मुरांबा, दुसऱ्यात एक भिजकी वही. "रागावू नकोस. आमच्या म्हाताऱ्यानं सकाळीच उचलली, आठवण म्हणून. उघडून बघितली तर नुसते आकडे. तुमचं तुम्हालाच लखलाभ. आणि आधी खाऊन घे."

ती तोलाची वही होती. साहेबांना देण्याआधी वेंडेलने शेवटचे पान उघडले. पहाटेची नोंद पेन्सिलीने केलेली होती.

'यादीतली सत्तावीस माणसे धरून हिशोब केला. तरी नौका हलकी. कारण कळले नाही. तोल साधायला जादा भरलेले पाणी: एकशे त्र्याऐंशी पौंड.'