फुकटचा गोल

भावाला दिसत नाही, ऐकूही येत नाही. मॅच बघायला गेलो की त्याचा तळहात म्हणजे मैदान, माझं बोट म्हणजे चेंडू. गोल झाला की लोकांच्या उड्यांनी आमचं बाकडं हादरतं आणि मी त्याची मूठ मिटवतो. सूट अजिबात देत नाही. आपली टीम हरली तर हरली.

आजही हरतच होतो. तेवढ्यात हॉस्पिटलमधून ताईचा मेसेज आला, "बाबा गेले. सावकाश या." फोन खिशात ठेवला. काहीच वाटलं नाही. बोट फिरत राहिलं, फिरता फिरता गोलपाशी गेलं आणि मी त्याची मूठ मिटवली.

नेहमीसारखा तो ओरडला नाही. दुसरा हात बाकड्यावर टेकवून बसला.

"बाकडं हललं नाही," तो म्हणाला. "तू आणि फुकट गोल देणार? बाबा गेले का रे?"

उत्तर तळहातावरच लिहायचं होतं. त्याची मूठ उघडेना.