एमलिनने आवरलेली लाथ

"घाल लाथ, एमलिन! पोटातच घाल!" मागून त्याच्याच खाणीतला, आज त्याच्याच बाजूने खेळणारा इआन्तो ओरडला.

एमलिनने घातली. न्यूपोर्टचा दांडगा गडी कळवळत चिखलात लोळला आणि चेंडू सुटला.

वेल्सच्या रग्बी संघासाठी हा शेवटचा निवड सामना होता. त्या लाल जर्सीसाठी एमलिन प्रॉसर कित्येक वर्षं झुरत होता. कोळसा फोडून फोडून हात घणासारखे झालेला हा माणूस आज कुणाचीच गय करत नव्हता. मध्यंतरापर्यंत त्याने एकाचं नाक फोडलं, दुसऱ्याच्या बरगड्या मोडल्या. पंच दुसरीकडे बघत होते. लोक तर, खोटं कशाला बोला, चेकाळले होते.

पण समोरच्या फळीत ट्रेहार्न होता. वेल्सचा कर्णधार, आणि एमलिन राबायचा त्या खाणीचा मॅनेजर.

पुन्हा स्क्रम जुंपला. सोळा जणांची डोकी एकमेकांत अडकली. खाली कुणाला दिसणार नाही अशा बेताने ट्रेहार्नने त्याच्या जबड्यावर ठोसा हाणला. एमलिनने तुटलेला दात थुंकला.

"काय रे प्रॉसर, हात बांधलेत का तुझे?"

"नाही, साहेब."

"बरं. सोमवारी खाणीत भेटूच."

एमलिनच्या घरी आजारी बायको, दोन कच्चीबच्ची, आणि राहतं घरही खाणीचंच.

शेवटी शेवटी ट्रेहार्न चेंडू पोटाशी धरून त्याच्या पुढ्यातच आडवा पडला. एमलिनचा बूट वर गेला. "घाल की, मेल्या!" इआन्तो बोंबलला. बूट क्षणभर अधांतरी राहिला आणि साहेबाला ओलांडून पलीकडच्या बिचाऱ्याच्या नडगीवर उतरला. हाड मोडल्याचा आवाज कडेपर्यंत ऐकू आला.

सामना संपल्यावर गुत्त्याच्या मागच्या खोलीत ट्रेहार्नने संघातली नावं सांगितली. इआन्तोचं नाव होतं. एमलिनचं नव्हतं.

एमलिनला राहवलं नाही. "साहेब, माझं काय चुकलं? आज माझ्यापेक्षा जोरात कोण खेळलं?"

"कोणीच नाही."

"आणि तुम्हाला तर मी बोटसुद्धा लावलं नाही!"

"तेच तर." इआन्तोने फोडलेली भुवई रुमालाने दाबत ट्रेहार्न म्हणाला, "शनिवारी समोर इंग्लंड आहे, प्रॉसर. त्यांच्याकडून सगळे साहेबच खेळतात."