तोंडातलं

फोन आला तेव्हा लोटन नाना अंगणात सडा टाकत होते. "आई सिरीयस आहे. लगेच निघा," एवढंच बोलून मुलाने, स्वप्नीलने फोन ठेवला. नानांनी बादली खाली ठेवली. समजायचं ते समजले. फोनवर कोणी मेलं म्हणत नाही. सिरीयस म्हणतात, म्हणजे ऐकणारा वाटेतच कोसळत नाही. नानांनी स्वतः कित्येक सोयऱ्यांना असंच कळवलं होतं.

कमलबाई महिनाभरासाठी मुलाकडे धुळ्याला गेली होती. आता घाई करून ती परत येणार नव्हती. उरलं ते रीतीने व्हायला हवं होतं. जळगावातल्या मेहरूणच्या घराला कुलूप लावलं. फोन आतच राहिला. आता कोणाचं ऐकायचं होतं? शेजारच्या नवलने गाडी काढली. वाकडी वाट करून नानांनी ती धरणगावला घ्यायला लावली. सवाष्ण गेली की अंगावर माहेरची साडी लागते. कमलबाईचा भाऊ जीवराम बाजारात गेला, दुकान उघडायची वाट बघत थांबला, हिरवी साडी घेऊन आला. तोवर नाना त्याच्या ओट्यावर चहाचा कप धरून बसले होते.

"बठ्ठा नशीबना खेळ शे, दाजी," गाडीत बसताना जीवराम म्हणाला.

दुपार कलल्यावर ते दवाखान्यात पोचले. कमलबाईवर चादर ओढलेली होती. नानांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ कोमट होतं.

"सकाळीच गेली ना ही?"

स्वप्नील जीवरामच्या हातातल्या साडीकडे बघत होता. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "उन्हाळा आहे, नाना."

तिथून नानांच्या मनात पाल चुकचुकली ती थांबेना. पोरगा काहीतरी लपवतो. डोळ्याला डोळा देत नाही. ताटावर बसला की अर्धी पोळी खाऊन उठतो. औषधात हयगय झाली असेल. नाहीतर दवाखान्यात न्यायला उशीर केला असेल, नरडाण्याच्या कंपनीतून सुट्टी मिळाली नाही म्हणून. सुनेशी काही वाजलं होतं का? एक शंका मोडीत निघाली की दुसरी उभी राहायची.

अशात एका रविवारी स्वप्नील काचेची टाकी घेऊन जळगावला आला.

"हाई काय शे?"

"मासे पाळा, नाना. घरात काही हलतं राहील."

बापाचं तोंड दाबायला आणली, नानांनी मनात म्हटलं. पण बघत बसले. स्वप्नीलने खाली वाळू पसरली. फुटक्या माठाचं खापर आडवं ठेवलं, त्यात लपायला. जंगली बदामाची वाळलेली पानं सोडली. पाणी चहासारखं झालं. पाणी काठापर्यंत भरलं नाही.

"अर्धवट का सोडलंस?"

"हे वर येऊन हवा घेतात. काठोकाठ भरलं तर उडी मारून बाहेर पडतील. झाकणावर वीट ठेवायची."

मासे आले ते बोटभर लांबीचे. मरळाच्या जातीतले, पण बुटके. अंग निळसर, डोकं थेट सापाचं. नर आणि मादी. नाना खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसू लागले, चोरावर पाळत ठेवावी तसे. "तोंड सापाचं अन् शेपूट माशाची," ते म्हणायचे. "याचा भरवसा कोण धरील?"

पावसाळ्यात एका सकाळी पाण्यावर मोहरीएवढी अंडी तरंगताना दिसली. नाना आंघोळ करून आले तर एकही नव्हतं. नराचा गळा मात्र फुगला होता. त्याच्यापुढे गांडूळ टाकलं, त्याने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच.

रविवारी स्वप्नील दारात आला तसं नानांनी बोट दाखवलं. "पोरं खाल्ली याने. अन् वरून भूक नसल्याचं सोंग."

"खाल्ली नाहीत, नाना. तोंडात धरलीत. यांच्यात बापच धरतो. पोरं पोहायला लागेपर्यंत तो घास घेत नाही."

नाना टाकीकडे बघत राहिले. मग मुलाकडे वळले. त्याच्या गालाची हाडं वर आली होती.

"अन् तू काय धरून बसलास?"

"काही नाही."

"कमल कशी गेली? कोणाची चूक झाली?"

"कोणाचीच नाही. नका विचारू, नाना."

"तुला तिची शपथ आहे."

स्वप्नीलने ओले हात पँटला पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिला.

"मी फोन केला तेव्हा ती बोलत होती, नाना. सिरीयस म्हणजे सिरीयसच होती. सारखी विचारायची, तुझे नाना कुठवर आले? तुम्ही फोन उचलत नव्हता. मग मीच सांगत गेलो. एरंडोल सोडलं. पारोळा आलं. शेवटी म्हटलं, खाली गाडी लावताहेत. तर म्हणाली, माझा पदर नीट कर."

स्वप्नीलने त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. त्या दिवशी तो घरीच थांबला, आणि कित्येक महिन्यांनी बापाच्या घरात पोटभर जेवला. नाना ताटावरून उठून गेले.

धरणगावहून जीवराम अजून अधूनमधून येतो. बहिणीच्या फोटोला हार घालतो. निदान माहेरची साडी वेळेवर पोचली, म्हणतो. दाजी, जेवत का नाही, किती वाळलात, असं विचारतो.

नानांनी त्याला अजून सांगितलेलं नाही.