सत्तावीस नंबरच्या फिती

फौजदारांनी कागद वाचला, घडी घातली आणि परत केला.

"या कागदावर माझी सही होणार नाही," ते म्हणाले.

हवालदाराने कारण विचारलं. फौजदार खिडकीबाहेर बघत राहिले. मग हवालदाराने टाचा जुळवल्या, सलाम ठोकला आणि तो बाहेर आला. तीस वर्षांच्या नोकरीत त्याने पाच फौजदार पाहिले होते. कोणी तापट, कोणी आळशी, एक तर दुपारी खुर्चीतच घोरायचा. पण असा ओठ शिवून बसलेला हा पहिलाच. वय जेमतेम चोवीस. चार महिन्यांपूर्वी परीक्षा देऊन थेट फौजदार म्हणून आलेला. पगार म्हणाल तर त्यात आठ शिपाई ऐसपैस बसतील.

कागद होता सत्तावीस नंबरच्या बढतीचा. शिपायाला त्या चौकीत नावाने कोणी हाक मारत नसे. पट्ट्यावरचा नंबर हेच त्याचं नाव. हा सत्तावीस नंबर वर्षभरापूर्वी दुसऱ्या चौकीवरून बदलून आला होता. नोकरी सव्वीस वर्षांची. तिसऱ्या वर्गातल्या शिपायाचा दुसऱ्या वर्गातला व्हायला नऊ वर्षं गेली, दुसऱ्यातून पहिल्यात यायला अकरा. दर वेळी पगार वाढला तो, वाढलाय हे सांगावं लागे इतकाच.

आता पंधरा दिवसांनी हवालदार निवृत्त होणार होता. म्हणजे बाहीवरच्या तीन फितींची एक जागा रिकामी होत होती. पगार दीडपट, पेन्शनही त्याच मानाने. पण महिनाअखेर सत्तावीसला पन्नाशी लागत होती, आणि पन्नाशीनंतर बढती नाही असा नियम. आत्ता नाही तर कधीच नाही.

हवालदाराने बातमी सांगितली तेव्हा सत्तावीस बाकावर बसून बूट घासत होता. तो मिशीत हसला.

"साहेबांचं बरोबरच असेल."

हवालदाराचं डोकं फिरलं. हा माणूस रोज कवायतीला त्या पोराला असा कडक सलाम ठोकायचा की मैदानावरची कबुतरं उडावीत. परवा टोपी वाकडी म्हणून फौजदारांनी त्याला सगळ्यांदेखत सुनावलं, तर हा दिवसभर शीळ घालत गस्त फिरला. शिपाई आपसात म्हणत, लाचारीला काही सीमा असते. हवालदाराला मात्र तसं म्हणवत नसे. गेल्या वर्षी गोदीवरच्या दंगलीत त्याच्या डोक्यात दगड बसला, तेव्हा याच सत्तावीसने त्याला खांद्यावर टाकून दोन गल्ल्या पळत आणलं होतं.

शुक्रवारी हवालदाराने शहाण्या माणसाने करू नये ते केलं. फौजदारांना डावलून तो थेट बड्या साहेबांच्या कचेरीत गेला. पेन्शन तोंडाशी आली असताना हे कसले डोहाळे, असं बायकोने निघताना सुनावलं होतं. तो खांदा नसता तर पेन्शन तूच एकटीने खाल्ली असतीस, असं सांगून तो निघाला होता.

बड्या साहेबांनी कागद वाचला. सहीची रिकामी जागा बघितली, मग पुन्हा वरचं नाव बघितलं.

"फौजदारांनी नाकारली?"

"हो साहेब. आणि कारण सांगत नाहीत."

"सांगणार नाहीतच," साहेब म्हणाले, आणि चष्मा पुसता पुसता हसल्यासारखे वाटले.

चोरावर मोर भेटला, हवालदार मनात म्हणाला. पेन्शन गेलीच म्हणून समजायचं. पण साहेबांनी सत्तावीसची नोंदवही मागवली, पान न् पान उलटलं, दंगलीचं सगळं ऐकून घेतलं. दौतीत टाक बुडवला आणि स्वतःची सही केली.

हुकूम शनिवारी हातात आला. रविवारी सकाळी कोट चढवून हवालदार ट्रामने शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला. सत्तावीसचं घर त्याने कधी पाहिलं नव्हतं. विचारत विचारत तो तिसऱ्या मजल्यावर पोचला. त्या पोराची जिरली, या आनंदात त्याला जिनेही जाणवले नाहीत.

दार उघडंच होतं. तो हाक मारणार तोच मागून जिन्यावर पावलं वाजली. पाण्याच्या भरल्या दोन बादल्या घेऊन कोणीतरी वर येत होतं. अंगात बनियन, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

हवालदाराच्या टाचा आपोआप जुळल्या आणि हात कपाळाला गेला. समोर फौजदार होते. त्यांना ना सलाम घेता येईना, ना बादल्या खाली ठेवणं सुचेना.

आतून सत्तावीसचा आवाज आला.

"बाळ्या, पाणी सांडू नकोस रे. आत्ताच फरशी पुसलीय तुझ्या आईनं."