तिसऱ्या बंदराच्या नोटा

"तुझा फॉर्म दे इकडे. आणि एका जागी उभी राहा बघू," नवरा म्हणाला.

बायकोचे पाय एका जागी ठरत नव्हते. बोटीवर चढायची वेळ तीनपर्यंत, घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झालेली, आणि हा माणूस अजून जन्मतारखेवरच. उंच टेबलावर दोघांचे डिपार्चर फॉर्म शेजारी शेजारी ठेवून तो पेन्सिलीने भरत होता. आधी पेन्सिल, मग वरून शाई. नोंदणी कचेरीत चौतीस वर्षं काढली होती त्याने. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी खोडरबर खिशात, पेन्सिल कानावर, आणि रिकामा रकाना दिसला की जिवाची तगमग.

"अहो, बाकीचे सगळे सरळ पेनाने लिहिताहेत."

"म्हणून तर परत रांगेत उभे राहताहेत."

हे खरं होतं, त्यामुळे तिला जास्तच राग आला.

"मी जरा जाऊन येते," म्हणत ती बायकांच्या बाथरूमकडे निघाली आणि खांबाआडून डावीकडे वळली. पैसे बदलून देणारी खिडकी तिने आल्याआल्याच हेरून ठेवली होती.

पर्समध्ये रुमालात बांधलेले पैसे होते, घरखर्चातून चिमूटचिमूट बाजूला काढलेले. बोट तीन बंदरांवर थांबणार होती आणि तिसऱ्या बंदराच्या गावात त्यांचा मुलगा राहत होता. 'या घरात त्याचं नाव काढायचं नाही,' असं नवऱ्याने तीन वर्षांपूर्वी बजावलं होतं, आणि घरात तिने ते काढलंही नाही. दर रविवारी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली की मात्र ती मुलाशी फोनवर पोटभर बोलून घ्यायची. नात झाल्याचंही तिला ओल्या चादरीआडच कळलं होतं. क्रूझचं खूळ तिचंच. तिसऱ्या बंदरावर बोट सहा तास थांबणार. जेवण झालं की नवरा दोन तास डाराडूर. तेवढ्यात टॅक्सी करायची, नातीला मांडीवर घ्यायचं आणि काही झालंच नाही अशा तोंडाने परत यायचं. टॅक्सीवाल्याला मात्र तिथल्याच नोटा लागणार होत्या.

खिडकीतल्या माणसाने पाटी दाखवली. "काकू, बोटीवर डॉलरच चालतात."

"मला तिसऱ्या बंदराच्या हव्यात. लवकर द्या हो."

"त्या संपल्या. कोणी मागतच नाही, म्हणून थोड्याच ठेवतो. मघाशी एक काका आले आणि होत्या नव्हत्या तेवढ्या घेऊन गेले."

"कोण काका?"

"नाव कशाला लक्षात राहतंय? कानावर पेन्सिल होती. पावती दोनदा वाचली, मग सही केली. तीसुद्धा आधी पेन्सिलीने करायला निघाले होते."

तिने रुमालाची गाठ पुन्हा मारली. ती नीट बसेना. मघाशी 'पाणी घेऊन येतो' म्हणून गेलेला नवरा पाण्याशिवायच परत आला होता, ते तिला आत्ता आठवलं. त्याला सगळं कळलं होतं की काय? गच्चीवरचं बोलणं ऐकलं असेल, तर तो तिला बोटीवरून उतरूच देणार नाही. आणि कळलं नसेल, तर या नोटा कशाला?

ती जवळजवळ धावतच टेबलापाशी आली. स्पीकरवरून बाई घाई करा म्हणत होती. समोरच्या रांगेत आता जेमतेम दहाबारा माणसं उरली होती.

"झालं का हो?"

"एकच रकाना राहिलाय."

रकाना तिच्या ओळखीचा होता. अडीअडचणीला कोणाला कळवायचं, सोबत प्रवास न करणाऱ्या माणसाचं नाव, नातं, फोन. गेली तीन वर्षं असा रकाना आला की नवरा तिच्या भावाचं नाव टाकायचा. ती मान वळवून उभी राहिली. पेन्सिल चालत होती, तिचा आवाज तिला ऐकू येत होता. नाव भावाच्या नावाहून लहान वाटलं, म्हणून तिने वळून पाहिलं.

मुलाचं नाव होतं. नात्याच्या जागी 'मुलगा'. पुढे नंबर, वही न उघडता लिहिलेला.

तिने तो दोनदा वाचला.

"अहो, हा नंबर नाही."

"मला पाठ आहे."

"जुना आहे तो. बदलला त्याने. दोन वर्षं झाली."

तुला कसं माहीत, असं नवऱ्याने विचारलं नाही. त्याने खिशातून खोडरबर काढलं, नंबर पुसला, कागदावरचा कचरा हाताने झटकला. मग पेन्सिल कानावर ठेवून पेन उघडलं.

"सांग नवीन."

तिने एका दमात सांगितला. त्याने तो सरळ शाईने लिहिला. एक आकडा जरा तिरका आला, तो तसाच राहू दिला.

"चला ना," ती म्हणाली. रडू आलं होतं तिला, आणि रांगेत आता चारच माणसं होती.

नवरा फॉर्मकडे बघत उभा होता.

"तू गच्चीवर गेलीस की मी त्याला फोन लावायचो," तो म्हणाला. "पूर्ण वाजायचा गं. मला वाटायचं, नाव बघून उचलत नाही."