फाटकावरचं वाढीव माणूस

साबेराचं तंबाखूचं शेत भारतातच होतं, पण सरहद्दीच्या तारकुंपणापलीकडे. सकाळी फाटकावर ओळखपत्र ठेवून जायचं आणि संध्याकाळी ते घेऊन परतायचं. आज नणंदेने तिला कुशीतल्या बाळासकट शेतातून हातगाडीवरून फाटकावर आणलं. ड्यूटी बदलून आलेल्या जवानाने गाडी अडवली. “हे कुणाचं? वहीत तर सकाळी गेलेलं दिसत नाही!” “गेलं होतं की, साहेब! पोटातून,” साबेरा म्हणाली. “सगळ्या असंच सांगतात. पलीकडच्या देशातलं लेकरू आत आलं, तर माझी नोकरी जाईल. तू जा दवाखान्यात. चौकशी होईपर्यंत बाळ इथेच राहील.” नणंद रडकुंडीला आली. साबेराने मात्र शांतपणे अंगावरची चादर बाजूला केली. “शेतात गंजलेला विळाच होता, म्हणून कुणाला हात लावू दिला नाही मी. बघा, नाळ अजून जोडलेलीच आहे. साहेब, कुंपण कुठे घालता?” जवानाने मान वळवली आणि फाटक सताड उघडलं.